आप्पांची टॅक्सी

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची गाडी ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली. तिची २० वर्षांची मुदत भरली. आपल्या तोंडी ती फियाटच. परळच्या चाळीत राहून आमच्या आप्पांनी तिच्यावरच आम्हा तिघा भावंडांना शिकवले.

माझ्या मुलाने फियाटच्या ठेवणीच्या एका जुन्या मोटारीचा प्लॅस्टिकचा किट आणला, मूळ गाडीच्या २४ पट लहान. त्यातून आजोबांची टॅक्सी करायची, ही त्याची जिद्द. काचकागदाने घासून आधी टपाला पिवळा रंग दिला. तो वाळल्यावर चिकटपट्टीने झाकून खाली काळा मारला. तारेचे कॅरियर केले. डाव्या बाजूला, बाहेर, आगकाडीच्या तुकड्याचा मीटर बसवला.

आप्पांनी गाडी डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "मीटर पाडलास का रे? वर कर. ६ डिसेंबरला दादर स्टेशनहून म्हाताऱ्या माणसांना चैत्यभूमीकडे नेताना मी मीटर पाडत नसे."

हे आम्हा मुलांनाही ठाऊक नव्हते. पोराने मीटर वर केला. आता ती टॅक्सी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उभी आहे. दान असेही असते, न बोलता केलेले.