आजोबांनी ओळखलेला वेग

गेल्या डिसेंबरात आजोबांचे डोळे दाखवण्यासाठी आम्ही बेळगावहून कोल्हापूरला निघालो होतो. ‘दाखवण्यासाठी’ म्हणायचे इतकेच. काचबिंदूने त्यांची दृष्टी दोन वर्षांपूर्वीच हिरावून नेली होती. उद्यमबागेतील कारखान्यात ज्यांनी उभा जन्म लेथ चालवला, ते आजोबा दिवसभर खिडकीपाशी बसून राहत. कोणी काही विचारले, तर “मला काय कळतंय आता?” एवढेच उत्तर मिळे.

गाडी मामा चालवीत होते. संकेश्वरच्या अलीकडे एक चढ लागला आणि आजोबा एकाएकी म्हणाले, “अरे, गाडी तू चालवत नाहीस. कोण चालवतंय?”

मामा चकित झाले. खरोखरच त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. क्रूझ कंट्रोलचे बटण दाबून त्यांनी ताशी 80 किलोमीटर वेग ठरवून दिला होता.

“तुम्ही कसं ओळखलंत, बाबा?”

“तू चढावर आधी गाडीला दमू देतोस, मग पाय देतोस. आज ती दमलीच नाही.”

मग मामांनी त्या यंत्रणेचे मर्म सांगितले. चाकांच्या फिरण्यावरून गाडीतील संगणकाला प्रत्यक्ष वेग कळतो. ठरवलेल्या वेगाहून तो जितका कमी, तितका इंजिनाला अधिक जोर. परंतु एवढ्याने भागत नाही. चढावरचा जादा जोर केवळ तुटीतून मिळणार असेल, तर थोडी तूट कायमच राहिली पाहिजे. तूट संपली की जोरही संपला! म्हणून तूट किती वेळ टिकली याचाही हिशेब ठेवला जातो. सावकाराच्या वहीतील व्याजाप्रमाणे तो साचत जातो आणि तूट पुरती फिटेपर्यंत जोर वाढवतो. वेग किती झपाट्याने बदलत आहे हेही पुष्कळदा पाहिले जाते, म्हणजे गाडी ठरलेल्या वेगापुढे उसळत नाही.

“म्हणजे आपल्या ऑइल इंजिनाचा गव्हर्नरच की!” आजोबांनी दोन्ही मुठी वर धरून गरगर फिरवल्या. वेग वाढला की फिरणारी वजने बाहेर फाकतात आणि इंधन कमी होते. वेग उतरला की ती आत येतात आणि इंधन वाढते. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला हीच युक्ती जोडली होती. कित्येक महिन्यांनी आजोबा इतके बोलले असतील.

निपाणीच्या अलीकडे उसाने भरलेला एक ट्रॅक्टर आडवाटेने रस्त्यावर आला. आमची गाडी मात्र 80 च्या वेगाने तशीच निघालेली! मामांनी करकचून ब्रेक दाबला. ब्रेकला पाय लागताच ती यंत्रणा आपोआप सुटते. रडारने पुढचे वाहन ओळखून वेग उतरवणाऱ्या गाड्या आता निघाल्या आहेत, पण मामांची तशी नाही. माझी छाती धडधडत होती. आजोबा शांतपणे म्हणाले, “त्याला वेग कळतो, रस्ता दिसत नाही. माझ्यासारखंच.”

कोल्हापुरात डॉक्टरांनी नवे काहीच सांगितले नाही.

घरी परतल्यावर मी या यंत्रणेचा इतिहास शोधला आणि थक्क झालो. तिचा जनक, अमेरिकेतील इंडियाना राज्याचा राल्फ टीटर, पाचव्या वर्षी एका अपघातापासून अंध होता! तरीही 1912 मध्ये त्याने अभियांत्रिकीची पदवी मिळवली. असे सांगतात, की त्याचा वकील मोटार चालवताना बोलू लागला की वेग मंदावे आणि ऐकू लागला की वाढे. त्या हिसक्यांनी टीटर हैराण होई. त्यातूनच ही कल्पना निघाली. 1950 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि 1958 च्या क्रायस्लर गाड्यांत ती यंत्रणा आली. तिच्यातही फिरत्या वजनांचा गव्हर्नरच होता.

हे सारे मी आजोबांना वाचून दाखवले. वकिलाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. बोलले काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. आजोबा अंगणात होते. मामांना गाडीचे बॉनेट उघडायला लावून ते एकेक भाग हाताने चाचपीत होते, आणि “यात वजनं कुठं ठेवलीत?” असे पुनःपुन्हा विचारीत होते.