खोटा दाब

गोळीची परीक्षा घ्यायची तर तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. रुग्णाला पत्ता लागत नाही. हायपरबारिक चेंबरमध्ये ही सोय नाही. दार लागून हवेचा दाब वाढू लागला की आधी कानाला दडे बसतात. नाक चिमटीत धरून हवा ढकलावी, तेव्हा कुठे 'टक्' होऊन ते सुटतात. ज्याच्या कानात काहीच झालं नाही तो बाहेर येऊन विचारणारच, "डॉक्टर, आज मशीन बंद होतं का?" मेंदूच्या दुखापतीला दाबाखालचा ऑक्सिजन लागू पडतो का, हे शोधणाऱ्या आमच्यासारख्यांचं निम्मं डोकं हा खोटा उपचार खरा कसा वाटेल यातच खर्ची पडतं.

मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन वापरतो वीस टक्के. मार लागून तो सुजला की रक्त पुरेसं पोचत नाही. हिमोग्लोबिन तर आधीच जवळपास भरलेलं. दाब वाढवला तर मात्र ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन ०.३ मिलिलिटर असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाला शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो सहाच्या आसपास जातो. ॲमस्टरडॅमचे सर्जन बोएरेमा यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून त्यांना याच ऑक्सिजनवर जगवलं होतं. मेंदूसाठी आम्ही इतकं वर जात नाही, बहुधा दीडपटीवर थांबतो. जास्त दाबाच्या ऑक्सिजनने झटके येतात हे पॉल बेर यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवलंय, आणि जखमी मेंदूला झटक्यांचं निमित्तच हवं असतं.

१९९२ साली मिनियापोलिसच्या रॉक्सवोल्ड यांनी डोक्याला गंभीर मार लागलेल्या १६८ रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीच्या उपचारांत मृत्यू ३२ टक्के, ऑक्सिजनच्या गटात १७. केवढा फरक! पण स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नव्हतं. आयसीयूच्या दाराशी नातेवाईक "वाचेल ना?" एवढंच विचारतात. मला या अभ्यासातला दुसरा आकडा जास्त छळतो.

मग २०१५ चा अमेरिकी सैनिकांचा अभ्यास. मार सौम्य, पण डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड सुटेना. ७२ जण, तीन गट: दीडपट दाबाला ऑक्सिजन, १.२ पट दाबाला साधी हवा (हाच खोटा उपचार), आणि चेंबरविना नेहमीची देखभाल. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट सुधारले, आणि त्या दोघांत फरक निघाला नाही. उपचाराचे कैवारी म्हणाले, १.२ चा दाब हासुद्धा डोसच आहे. मला हे पटत नाही. एवढ्या दाबाची हवा म्हणजे बाहेर बसून २५ टक्के ऑक्सिजन घेण्यासारखं. वॉर्डातली नाकात लावायची साधी नळीही त्याहून जास्त देते. रोज ठरल्या वेळी यायचं, कोणीतरी "काल झोप लागली का?" विचारायचं, तासभर शांत पडायचं, याचा गुण मला त्या जादा चार टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

चेंबरची शिस्त मात्र खऱ्या आणि खोट्या सेशनला एकच. सुती कपडे, मोबाइल बाहेर, आणि डोक्याला तेल नको. आया मुलाला आणताना हमखास खोबरेल चोपडून आणतात. डोक्याला लागलंय म्हणून तर आणखी थोडं जास्तच. मग आमचा टेक्निशियन "मावशी, आधी केस धुवून आणा" म्हणतो आणि त्या रागावतात. भरपूर ऑक्सिजनमध्ये आग कशी पसरते ते मिलानमध्ये १९९७ साली दिसलं. चेंबरमधल्या आगीत अकरा माणसं गेली.

गंभीर दुखापतीत हा प्रश्न अजून खुला आहे, आणि चाचण्यांतच सुटला पाहिजे. सौम्य दुखापतीसाठी चाळीस सेशनची पॅकेजं मात्र सर्रास विकली जातात. अमेरिकेच्या एफडीएने या वापराला मान्यता दिलेली नाही. तुमच्या घरी कोणापुढे असं पॅकेज ठेवलं, तर एकच विचारा: खोट्या दाबाच्या गटापेक्षा याने जास्त गुण आला का? उत्तर मिळेपर्यंत फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीचे पैसे तिकडे वळवू नका.