रजेचा अर्ज

सकाळी बरकतपुऱ्याच्या चमनाला दोन फेऱ्या घालून मी नल्लकुंट्याच्या दिशेने वळतो. निवृत्तीनंतरचा हा माझा परिपाठ आहे. तिकडे साथीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. नव्या पिढीला ते ‘फीवर हॉस्पिटल’ म्हणून ठाऊक. आमच्या लहानपणी सारे त्याला ‘कोरंटी’ म्हणत. क्वारंटाइन या शब्दाचे लोकांच्या तोंडी झालेले ते रूप. आमच्या घरापासून तिथवर पायी वीस मिनिटे लागतात. 1967 सालीही तेवढीच लागत असत.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या तीन वर्षांच्या बहिणीला गोवर निघाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आजी नांदेडची; तिच्या लेखी गोवर, कांजिण्या आणि देवी या तिघी बहिणीच. शेजारच्या तेलुगू काकूंनीही ‘अम्मवारु’ आल्याचा निर्वाळा दिला. देवी घरी पाहुणी आली असता तिच्यावर औषधाचा मारा करणे म्हणजे तिचा अपमान! घरात फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाची डहाळी लागली, पोरीच्या अंथरुणाभोवती पाला पसरला. पुरळ मावळू लागले तेव्हा आजीने देवीची ओटी भरली. परंतु ताप पुन्हा चढला. श्वास घेताना बहिणीच्या नाकपुड्या फुलू लागल्या, बरगड्यांखाली खळगा पडू लागला. ही न्यूमोनियाची खूण आहे, हे आज कोणतीही आशा कार्यकर्ती सांगेल. गोवराने दगावणाऱ्या बालकांत सर्वाधिक बळी न्यूमोनियाचेच असतात, आणि पेनिसिलीन त्या काळी दुर्मिळ राहिलेले नव्हते. तिसऱ्या रात्री ती गेली.

आजीला मी कधी दोष देऊ शकलो नाही. देवीच्या रोगावर शतकानुशतके कोणापाशीच औषध नव्हते. रोगाला देवतेचे नाव देऊन माणसाने निदान आपली भीती तरी सुसह्य केली. सिकंदराबादच्या उज्जैनी महांकाळीच्या देवळाची आणि आषाढातल्या बोनालू उत्सवाची कथा 1813 च्या पटकीच्या साथीपर्यंत मागे नेतात. त्या लोकांनी नवस बोलण्याखेरीज करायचे तरी काय होते? माझा प्रश्न वडिलांपाशी येऊन थांबतो. ते पदवीधर होते, सरकारी नोकरीत होते, त्यांना कोरंटीची वाट ठाऊक होती. त्या शेवटच्या रात्री त्यांनी दोनदा सदरा चढवला आणि दोनदा काढून खुंटीला अडकवला, हे मी अंथरुणातून पाहिले आहे. आपल्या आईचे मन मोडणे त्यांना जमले नाही.

पुष्कळ वर्षे मी हे मनातल्या मनात त्यांच्यावरील आरोप म्हणून बाळगले. पण 1994 मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मंडलाच्या गावी मी अधिकारी असताना कार्यालयातील शिपाई रजेचा अर्ज घेऊन आला. मुलाला ताप होता, झटके येत होते. त्याला एका देवस्थानी सात दिवस बसवायचे होते. ‘‘डॉक्टरांना दाखवलेस का?’’ मी विचारले. ‘‘साहेब, हे डॉक्टरचे दुखणे नव्हे,’’ तो म्हणाला. कोणाच्या श्रद्धेत वरिष्ठाने पडू नये, असा विचार करून मी रजा मंजूर केली. तो मेंदूज्वर होता. मुलगा वाचला, पण त्याची श्रवणशक्ती कायमची गेली. त्या दिवसापासून वडिलांविषयी मी कठोर बोललेलो नाही.

हा सगळा जुना इतिहास झाला, असेही म्हणवत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मेळघाटात अवघ्या 22 दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे 65 चटके दिल्याचे उघडकीस आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या खुनानंतर महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात असे चटके देणे हा गुन्हा आहे. साप-विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही आहे. बालन्याय कायदा 2015 चे 75 वे कलम तर ताब्यातल्या मुलाची बुद्ध्या हेळसांड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. पण कायदा बहुधा अनर्थ घडून गेल्यावर येतो. त्याआधी त्या घरात कोणी ना कोणी शहाणासुरता माणूस येऊन गेलेला असतो. तो काका असतो, शेजारी असतो, कधी माझ्यासारखा साहेब असतो, आणि तो भिडेखातर गप्प बसतो.

प्रौढ माणसाने स्वतःपुरते औषध नाकारावे. तो त्याचा अधिकार आहे. मुलाने मात्र आपला देव अजून निवडलेला नसतो, आणि त्याच्या वतीने मृत्यू पत्करण्याचा अधिकार मायबापांनाही नाही. एवढे बोलायला श्रद्धेचा अवमान करावा लागत नाही. ओटीही भरावी आणि दवाखान्यातही जावे, इतके म्हटले तरी पुरते. 1967 मध्ये आणि 1994 मध्ये तेवढेच म्हणायचे राहून गेले.

परवा रुग्णालयाच्या फाटकापाशी एक तरुण आई दिसली. कडेवरच्या मुलाच्या अंगावर पुरळ होते, मनगटात काळा दोरा होता, उशाला ठेवतात तशी कडुलिंबाची डहाळी तिच्या पिशवीतून डोकावत होती. हातात ओपीची चिठ्ठी होती. तिने मला रांग कुठे लागते ते विचारले. मी तिला खिडकीपर्यंत नेऊन सोडले.