लायसन हेवी, खेप हलकी

माझ्या वेळी हेवी लायसन म्हणजे पोटापाण्याची सोय झाली, असंच धरायचे. आधी हलक्या गाडीचं लायसन काढा, वर्षभर थांबा, मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग. ते वर्ष क्लीनरकीत जायचं. कसारा घाट मी उस्तादाशेजारी बसून शिकलो. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलवर अशा माणसाला महिन्याचा पगार, वर भत्ता, आणि माल चढवायला हमाल वेगळे.

2005 मध्ये टाटांची एस ही छोटी मालगाडी आली. तिचा छोटा हत्ती झाला. पुढे पिकअपही वाढल्या. आता टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या मार्केटबाहेर रांग याच गाड्यांची. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा सुटा मालही त्याच फिरवतात.

रात्री घरी येता यावं म्हणून मी दहाटायरी सोडून पिकअपवर आलो. मालकाने लायसन धड पाहिलंही नाही. विचारलं एवढंच, "भाऊ, क्रेट स्वतः लावणार ना?" एक क्रेट साधारण वीस किलोचा; वरचे थर डोक्यावरून चढवताना मनगटं भरून येतात. पगार नाही, खेपेवर पैसे. लिलावात गाडी अडकली तर तो वेळ आपला. शेजारच्या गाडीवर नुकतंच कारचं लायसन मिळालेला पोरगा होता. त्याचा न् माझा भाव एकच.

कायद्याने त्याचं काही चुकत नाही. एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते, वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आणि 6 नोव्हेंबर 2024 ला घटनापीठाने कायम केलं. मला तर बरंच वाटलं. अपघातानंतर विमा कंपन्या याच शेऱ्यावर बोट ठेवून हात वर करायच्या, आणि भरपाई मालकाच्या गळ्यात पडायची. पण आता गाडी चालवणारे उदंड झाले, हे मालकालाही कळतं.

गेल्या हंगामात वाशीची खेप निघाली. भरलेली गाडी घाटातून न्यायची म्हटल्यावर मालकाला माझी आठवण झाली. मी जास्त पैसे मागितले. घासाघीस होऊन जेवणाचा भत्ता पदरात पडला. वाशीत माल उतरवायला माथाडी असतात, 1969 च्या कायद्यामुळे त्यांची मजुरी ठरलेली. इकडे क्रेट मीच चढवलेले. त्याची हमाली मागितली तर मालक म्हणाला, "तो पोरगा तर फुकट लावतो."