खोट्या कातड्याच्या सुरकुत्या

गॅरेजातल्या पोरानं परवा एका जुन्या वॅगनआरच्या डोअर पॅडवरून हीट गन फिरवली आणि तिथला पांढरा ओरखडा माझ्या डोळ्यांदेखत गडप झाला. ना लांबी, ना रंग, ना पॉलिश. गाडी माझी नव्हती. मी पंक्चर काढायला गेलो होतो. पंक्चर निघालं तरी रेंगाळलो.

ओरखडा पांढरा दिसतो म्हणजे वरचा रंग गेला, असं मी धरून चाललो होतो. पण या प्लास्टिकवर बहुधा वेगळा रंग नसतोच. काळा किंवा राखी, जो असेल तो आरपार कालवलेला. सामानाची कड घासली की पृष्ठभाग खरवडतो, त्या बारीक कंगोऱ्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. गरम हवेनं कंगोरे मऊ पडून खाली बसतात. हे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं, 160 अंशांच्या आसपास वितळणारं. गनमधली हवा त्याहून कितीतरी तापते, म्हणून पोराचा हात एका जागी ठरत नव्हता. या जातीच्या प्लास्टिकांवरच्या कामासाठी झीगलर आणि नात्ता यांना 1963 चं रसायनाचं नोबेल मिळालं. आपण त्यावर बूट टेकवतो.

हात ठरला असता तर ग्रेन विरघळून तुळतुळीत चट्टा उरला असता. ग्रेन म्हणजे त्या बारीक सुरकुत्या. कातड्यावरचा नमुना पोलादी साच्यात आम्लानं कोरतात; साच्यातून डॅशबोर्ड निघतो तोच कधी न जगलेल्या जनावराची कातडी पांघरून.

आमच्या आजीनं हे ऐकायला हवं होतं. तिच्या घरात चामड्याचं पाकीट देवघराचा उंबरा ओलांडत नसे, आणि पिण्याचं पाणी भरणाऱ्यानं घड्याळाचा पट्टा आधी उतरवायचा. काकांनी मारुती 800 घेतली तेव्हा पहिली फेरी जेजुरीची ठरली. आजी दार उघडून तशीच उभी.

"हे कातडं का रे?"

"नाही गं आई, रेक्झिन. कापडावर लेप असतो."

ती बसली. मग डॅशबोर्डवरून हात फिरवला.

"आणि हे?"

"ते प्लास्टिक."

"मग त्याला सुरकुत्या कशाला?"

काका गाडी सुरू करण्यात गुंतले. पुढं दर दसऱ्याला आजी त्याच सुरकुत्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची. कुंकू ग्रेनमध्ये जे मुरलं ते ब्रशनं निघालं नाही की साबणानं. रॉकेल लावू का, असं काकूनं विचारलं तेव्हा देवाच्या कुंकवाला रॉकेल लावतात का, म्हणून आजी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. गाडी विकताना दलालानं त्या लाल डागाचे पैसे कापून घेतले. आजीला कोणी सांगितलं नाही.

विकायला काढलेल्या जुन्या गाडीचं आतलं प्लास्टिक सिलिकॉनच्या पॉलिशनं लखलखत असलं की मला आधी संशय येतो. मला आपलं निस्तेज, कोरडं प्लास्टिकच बरं वाटतं. खोल चरा गरम हवेनंही जात नाही. तो असू द्यावा. चकाकी हवीच असेल तर दारांना द्या, डॅशबोर्डला नको. दुपारच्या उन्हात तो अख्खा समोरच्या काचेत उमटतो आणि रस्ता दिसत नाही.