दुसरे विमान

पहिले दुकान उत्साहावर निघते. दुसरे काढताना मात्र भांडवल, जागा आणि स्वतःचा वकूब या तिन्हींचा हिशेब मांडावा लागतो. पिंपरी-चिंचवड परिसरातील व्यापारी घरांना हे सांगायला नको. चिंचवडमधील अशाच एका घरात, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांना बेअरिंग व हार्डवेअर पुरवणाऱ्या कुटुंबात, गेल्या दिवाळीनंतर हा हिशेब एका निराळ्याच वस्तूसाठी मांडला गेला. ती वस्तू म्हणजे विजेवर चालणारे, रेडिओ-नियंत्रित छोटे विमान.

घरातील अकरावीत शिकणाऱ्या मुलाकडे असे एक विमान वर्षभर होते. चाकणच्या पुढे एका परिचिताच्या मोकळ्या जमिनीवर, त्यांच्या परवानगीने, रविवारी सकाळी तो ते उडवीत असे. नाक दोनदा तुटले, गोंदाने जोडले गेले. पुढे कित्येक रविवार ते न आपटता उतरू लागले. आता त्याला दुसरे विमान हवे होते आणि त्याची निवड ठरलेली होती: दुसऱ्या महायुद्धातील एका लढाऊ विमानाची प्रतिकृती, राखी रंगाची, उड्डाणानंतर चाके पोटात घेणारी.

आजींनी नाव ऐकताच नकार दिला. युद्धाचे विमान घरात नको, एवढेच त्यांचे म्हणणे. मुलाने आजोबांकडे दाद मागितली. "दादाजी, त्याला बंदूक नाही, नुसता आकार आहे."

"आकाराला दोष नाही, बेटा," आजोबा म्हणाले. "पण तुझा हात चुकला, तर ते कुठे आणि किती जोराने पडेल, ते मला सांग."

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी पहिल्या विमानाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. नवशिक्यासाठी बनवलेल्या विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि दोन्ही टोकांकडे किंचित उचललेले असतात. त्यामुळे विमान एका बाजूला कलले आणि उडवणाऱ्याने बोटे सैल सोडली, तर पुरेशी उंची असताना ते बहुधा स्वतःच सरळ होते. पंख मोठे आणि वजन कमी, म्हणून वेगही बेताचा. चूक झाली तरी ती सुधारायला दोन-चार क्षण मिळतात. थोडक्यात, हे विमान क्षमाशील असते. दुसऱ्या पायरीच्या विमानात ही क्षमा कमी होते. पंख धडाच्या खालच्या बाजूस येतात, त्यांची उचल घटते आणि पंखांच्या मागील कडेला असलेल्या एलेरॉन या हलत्या पट्ट्यांनी विमान कलवावे लागते. कलवले की ते कललेलेच राहते. सरळ करायचे तर पुन्हा उडवणाऱ्यानेच करायचे. शिकणाऱ्याची खरी प्रगती इथेच होते. पूर्वी जी चूक विमान झाकून घेत असे, ती आता उघड दिसू लागते.

मुलाच्या वडिलांनी या गोष्टीला आकड्यांत बसवले. वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो. जुने विमान सुमारे १००० ग्रॅमचे, पंखांचे क्षेत्रफळ २८ चौरस डेसिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ३६ ग्रॅम. मुलाने पसंत केलेली लढाऊ प्रतिकृती १६०० ग्रॅमची, पंख २५ चौरस डेसिमीटरचे. पंखभार ६४ ग्रॅम. हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३६ चे वर्गमूळ ६ आणि ६४ चे ८. पंखांची घडण साधारण सारखी धरली, तर ही प्रतिकृती जुन्या विमानापेक्षा निदान एक-तृतीयांश अधिक वेगानेच उतरवावी लागणार. वजन अधिक आणि वेगही अधिक, त्यामुळे जमिनीवर आदळताना तिची ऊर्जा जुन्या विमानाच्या पावणेतीन पटींच्या वर जाते. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर वहीत उतरले होते.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने स्वतःच तिसरे नाव पुढे केले. ते होते खाली पंख असलेले एक साधे क्रीडा-विमान, १२२० ग्रॅमचे, पंख २५ चौरस डेसिमीटरचे. पंखभार सुमारे ४९, वर्गमूळ ७. उतरण्याचा वेग जुन्यापेक्षा एक-षष्ठांश अधिक, आदळण्याची ऊर्जा पावणेदोन पटींच्या आत. सहावरून एकदम आठवर उडी न घेता सातवर थांबणे म्हणजे काय, हे त्या वहीच्या पानावर कुणालाही दिसत होते.

त्यानंतरचे प्रश्न दुकानदाराचे होते. "सुटे भाग मिळतात का? पंख मोडला तर पंखच मिळेल, की नवे विमान घ्यावे लागेल?" आजोबांनी विचारले. ज्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही ते पहिल्याच अपघातानंतर डेड स्टॉक होते, हे चाकणच्या गाड्यांना माल पुरवणाऱ्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. क्रीडा-विमानाचे पंख, शेपूट, प्रोपेलर आणि मोटर वेगवेगळे मिळत होते. त्याची चाके जाड आणि पक्की बसवलेली, म्हणून खडबडीत जमिनीवर टिकणारी. लढाऊ प्रतिकृतीची आत जाणारी नाजूक चाके गुळगुळीत धावपट्टी मागतात आणि ती त्या जागेवर नव्हती.

बॅटरीचा हिशेबही त्याच बाजूला झुकला. मुलाकडे तीन सेलच्या, २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या तीन लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या होत्या. क्रीडा-विमानाला त्याच चालत. लढाऊ प्रतिकृतीला चार सेलच्या नव्या घ्याव्या लागल्या असत्या. या बॅटरीचा प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा मानला जातो, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर जातो आणि काही दिवस वापरायची नसेल तर सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी लागते. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून भरताना माणूस जवळ हवा आणि आसपास जळाऊ वस्तू नको. ज्या चाकणमध्ये आज विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात, तिथल्या व्यापाऱ्याला लिथियमचे गुण आणि दोष दोन्ही ठाऊक असलेले बरे.

चर्चेच्या ओघात आजोबांनी वालचंद हिराचंद यांचे नाव काढले. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभारली. तो महायुद्धाचा काळ होता आणि मागणी लढाऊ विमानांची होती. तरीही त्या कारखान्यात जोडणी होऊन १९४१ मध्ये उडालेले पहिले विमान हार्लो हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान होते. लढाऊ विमाने त्यानंतर आली. स्वातंत्र्यानंतरही क्रम तोच राहिला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचना झालेले एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडाले, तेही प्रशिक्षणाचेच, आणि त्याचे पंख खालच्या बाजूस होते. मरुत हे लढाऊ विमान आकाशात गेले १९६१ मध्ये. ज्यांच्या हाती कारखाने होते त्यांनीही मधली पायरी गाळली नाही.

आजींचा आक्षेप मात्र आकड्यांनी मिटणारा नव्हता आणि तो मिटवण्याची घाईही कुणी केली नाही. श्रावकाच्या अनर्थदंड-विरमण व्रतात निष्कारण घडणारी हिंसा टाळायला सांगितली आहे आणि तिच्या प्रकारांत प्रमादाचरणाची, म्हणजे बेफिकीर वागण्याची, गणना केली आहे. हौसेच्या वस्तूला हे व्रत फार जवळून लागू पडते, कारण तिथे निर्वाहाची सबब नसते. म्हणून आजींनी विमानाच्या रंगाचा आग्रह सोडून तीन अटी घातल्या.

पहिली अट जागेची. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केलेले आहेत. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ असल्याने पुणे परिसरात हा नकाशा पाहिल्याशिवाय काहीही उडवणे योग्य नाही. दुसरी अट जीवांची. टिटवी उघड्या माळावरच अंडी घालते, साधारण मार्च ते ऑगस्टच्या काळात, आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. विमानाला लागणारी सपाट जागा नेमकी टिटवीच्या पसंतीची असते. म्हणून उड्डाणाआधी सारी पट्टी पायी पाहायची, टिटवी ओरडत घिरट्या घालत असेल तर त्या दिवशी परतायचे आणि आकाशात घार दिसली की विमान खाली घ्यायचे. चातुर्मासात गवत आणि जीवजंतू वाढतात, तेव्हा उड्डाण बंद. त्या महिन्यांत दुरुस्ती आणि संगणकावरचा सराव. आपल्या परंपरेत यालाच जयणा म्हणतात. तिसरी अट परिग्रहाची. घरात विमाने दोनच राहतील. तिसरे येण्यापूर्वी एक बाहेर जाईल.

जानेवारीत क्रीडा-विमान आले. पहिल्या दिवशी एका वळणावर मुलाने सवयीने बोटे सैल सोडली आणि विमान सरळ होण्याऐवजी कललेलेच खाली येऊ लागले. उंची पुरेशी होती, म्हणून ते सावरता आले. त्या सकाळी त्याने पुढचे उड्डाण केले नाही. घरी येऊन दोन तास संगणकावर फक्त वळणांचा सराव केला. जुने विमान आता त्याची धाकटी बहीण उडवते आणि तिच्या शेजारी उभा राहून तो तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: विमान तुला सावरून घेते आहे, त्याची सवय लावून घेऊ नकोस.

लढाऊ विमानाचा विषय घरात संपलेला नाही. वडिलांच्या वहीत ६४ चा आकडा तसाच आहे. मुलाने त्याच्यासमोर तारीख लिहिलेली नाही. वाऱ्यात, दोन्ही दिशांनी, सलग वीस वेळा व्यवस्थित उतरणे, अशी अट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.