उत्तरा-हस्ताच्या भरवशावर

वळसंग (ता. दक्षिण सोलापूर), मार्गशीर्ष

ती. आईस,

चिपळूणच्या माणसाला सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आधी डोळ्यांत भरतात ती माळवदं. मातीची, सपाट छपरं. कोकणात ती एका पावसात खचली असती; इथे वर्षाला साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात रात्री त्याच छपरावर अंथरूण पडतं. ढग सह्याद्रीवर रिते होतात, पूर्वेला उरलंसुरलं येतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. म्हणून झाडंही तशीच : बाभूळ, हिवर, बोर. लहान पानं, अंगावर काटे, पाण्याची उधळपट्टी नाही.

पाणी असं तुटपुंजं असलं की पाणवठ्यावरची जातीची बंदी थेट जिवावर येते. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि दलित वस्तीच्या विहिरीचं पाणी प्याले. ती विहीर आजही गावात आहे. हवामानाची पुस्तकं पाऊस मोजतात. तो कोणाच्या घागरीत पोचला, हेही त्यांत यायला हवं.

वळसंग, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी

ती. आईस,

पाऊस किती, याहून कधी, हा प्रश्न इथे मोठा. जून-जुलैचा पाऊस लहरी, मध्येच मोठी उघडीप. खात्रीचा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून भारी काळी रानं पावसाळाभर रिकामी ठेवतात, कुळवून भुसभुशीत करतात आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या ओलीवर ज्वारी पेरतात. पुढे पाऊस जवळजवळ नाहीच. पीक वाढतं ते मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर. दवावर ज्वारी पोसते, असं इथले शेतकरी म्हणतात.

रान सुकू लागलं की काळ्या मातीला भेगा पडतात, आणि त्या भेगांतून ओल उडते. ते रोखायला शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने करतात. दाते माती ओढतात, भेग बुजते, वर कोरड्या मातीचं पांघरूण बसतं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे इथलं पक्कं गणित आहे. हलक्या मुरमाड रानात मात्र मातीच वीतभर, ओल लवकर संपते आणि ताट कमरेएवढं राहतं. बांधाच्या अलीकडे एक पीक, पलीकडे दुसरं!

काल येळवशीच्या अमावस्येला सगळं गाव रानात होतं. कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजले, ज्वारीत अंबील शिंपडली. भज्जीत ओला हरभरा, तुरीचे दाणे, बोरं : त्या आठवड्यात रानात जे असतं ते. बायका कानडीत बोलता बोलता मराठीत येत होत्या. ‘पोरी, अजून एक उंडा घे,’ म्हणत एका मावशींनी आग्रहाने वाढलं.

मोहोळ, पौष

ती. आईस,

मोहोळच्या संशोधन केंद्राने स्थानिक वाणांतून निवडलेली ‘मालदांडी 35-1’ ही ज्वारी कित्येक दशकं शेतकऱ्यांनी सोडलेली नाही. भाकरी गोड, आणि कडबा जनावरं आवडीने खातात. दुष्काळी मुलखात दाण्याइतकीच वैरण महत्त्वाची. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चाललं आहे. कडक भाकरीही या कोरड्या हवेचीच देणगी. महिनोन् महिने टिकते. आपल्याकडे श्रावणात चार दिवसांत ती वातड होईल.

पण 1980 साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं आणि पाणी मिळेल तिथे ऊस गेला. जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. वर्षभर रानात उभं राहणारं हे पीक ऐन मेच्या उन्हातही पाणी मागतं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपला, मृतसाठ्याला हात घालावा लागला. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. उसाला ठरलेला भाव आणि दारात उभा कारखाना मिळतो. ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत, आणि बाजारात तिला कोणी हमखास विचारेल याचा भरवसा नाही. हा भरवसा शहरांनी आणि सरकारने द्यायचा आहे.

तेव्हा आई, पुढच्या महिन्याच्या वाणसामानात तांदळाबरोबर पाच किलो ज्वारी लिही. दुकानदाराला सोलापूरची मालदांडीच हवी म्हणून सांग, आणि शेजारच्या काकूंनाही सांग.